कोहमाऱ्याची आंबील

"कोहमाऱ्याले आंबील कायची भेटते आता! पुण्याहून एक पोट्टी आली होती. तिनं कागद पाठवला अन् बुढीनं आंबील विकनंच बंद केलं."

गोंदिया स्टेशनबाहेरच्या टपरीवर चंदूभाऊ हे चहावाल्याला सांगत होते. चंदूभाऊ म्हणजे आमच्या गाडीचे ड्रायव्हर. पुढचे तीन दिवस ते आम्हाला जिल्ह्यात फिरवणार होते. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते. एका हातात कुंदा मॅडमची पिशवी, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला आलूबोंडा.

"काऊन? काय लिहिलं होतं कागदात?" चहावाल्यानं विचारलं.

"कोनं वाचलं जी! आंबिलीत कीडे आहेत मने."

"आपन त लहानपनापासून पेऊन राहिलो. कोनी मेला का?"

दोघं हसले. ती पोट्टी मी होते.

कुंदा मॅडम गाडीत बसल्या होत्या, काच वर करून. त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं.

कुंदा मॅडम माझ्या गाइड. अन्नाची स्वच्छता आणि अन्नातले सूक्ष्मजीव या एकाच विषयात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "शाल नको, पुष्पगुच्छ तर नकोच. मला गोंदियाला जायचंय. सोबत कोणीतरी द्या." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी मूळची गोंदियाची.

मॅडमचं पहिलं काम याच जिल्ह्यातलं. तेव्हा त्या नागपूरला शिकत होत्या. लग्नाच्या पंगतीत पोटं बिघडली की लोक दुधाला नाहीतर पनीरला दोष द्यायचे. मॅडम भाताच्या मागे लागल्या. शिजवलेला भात पातेल्यात रात्रभर झाकून ठेवला तर त्यात काय वाढतं, आणि तोच भात नीट आंबवला तर तेच का वाढत नाही? शिळं आणि आंबलेलं, या दोन शब्दांच्या मधल्या जागेत त्या पस्तीसेक वर्षं राहिल्या. भाताच्या मुलखात येऊन भाताचा अभ्यास करायचा, इतकी साधी गोष्ट होती. पुढे मोठी उपकरणं आली, परदेशातली व्याख्यानं झाली. पण वर्गात उदाहरण द्यायची वेळ आली की त्यांचं बोट इकडे वळायचं.

त्यांचा एक नियम होता. ज्याच्या घरचं अन्न तपासायला आणलं, त्याला उत्तर पाठवायचं. मराठीत आणि स्वतःच्या हातानं लिहून. गेल्या उन्हाळ्यात माझ्या कामासाठी मी कोहमाऱ्याच्या इमलाबाईंच्या मडक्यातली आंबील तपासली आणि नियमाप्रमाणे त्यांना कागद पाठवला: "नमुन्यात दूषित पाण्यातून येणारे जंतू आढळले. पिण्यास अयोग्य."

कागदात खोटं काही नव्हतं. जंतू आढळलेच होते. पण ते बाटलीत कुठून आले असतील, ते मी नमुना घेतानाच बघितलं होतं.

झालं असं. मी निर्जंतुक केलेली बाटली त्यांच्या हातात दिली आणि बर्फाचा डबा उघडायला वळले. परत बघते तर इमलाबाई झाकण काढून बाटली अंगणातल्या ड्रमातल्या पाण्यानं छान विसळत होत्या. एकदा नाही, दोनदा. मग झटकून त्यांनी ती आंबिलीनं भरली. पाहुण्याचं भांडं आपण विसळल्याशिवाय भरत नाही. माझ्या आईनंही शेजारच्यांच्या वाटीला हेच केलं असतं. "थांबा" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. दुसरी बाटली पिशवीत होती. पण त्या इतक्या प्रेमानं विसळत होत्या की मला ते बोलणं उद्धटपणाचं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला अनोळखी माणसांशी बोलायलाच जमत नाही. मी बाटली घेतली, चिठ्ठी चिकटवली, बर्फात ठेवली. नागपूरच्या लॅबमध्ये प्लेटवर जंतू उगवले तेव्हा मनाला समजावलं की त्याच पाण्यानं त्या मडकंही धूत असतील, मग निकाल चुकीचा कसा?

मॅडमना तो निकाल वर्षभर खटकत होता. "इतक्या आंबट आंबिलीत हे जंतू टिकले कसे?" त्या मला दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. "मला ते मडकं बघायचंय."

म्हणूनच आमच्या प्रवासाचं शेवटचं गाव कोहमारा होतं.

गोंदिया

पहिला दिवस शहरातच गेला. मी दहा-बारा वर्षांची असताना बाबांची बदली झाली आणि आम्ही इथून गेलो. तरी बाजारातल्या गल्ल्या पायांना आठवत होत्या. राइस मिलच्या बाजूला वाऱ्यावर कोंडा उडतो. त्याचा वास आला आणि मी एकदम युनिफॉर्ममध्ये गेले, पांढरे मोजे कोंड्यानं पिवळे झालेले.

आमच्या घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाजारात हिंदी. शिवाय घरकामाला येणाऱ्या मावशींची झाडीबोली होती. दिवसभर त्यांच्यामागे फिरून मला तीच सगळ्यांत आधी आली. शाळेत एकदा मी बाईंना "मले नाई माहीत" म्हणाले. वर्ग हसला. त्या दिवसापासून ती बोली मी कुठेतरी ठेवून दिली, आणि तिच्याबरोबर बाकीचं बोलणंही कमी झालं.

मॅडम मात्र कुणाशीही बोलायच्या. जेवायला आम्ही एका साध्या खानावळीत गेलो. त्या आधी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या, आचाऱ्याला "काय केलंय आज?" विचारलं आणि हसत परत आल्या.

"काय बघितलंत?" मी विचारलं.

"डाव कुठे ठेवतो ते. माणसाचे कपडे बघायचे नाहीत, भिंती बघायच्या नाहीत. डाव भांड्यात असतो की फडक्यावर, तेवढं बघायचं. फडक्यावर असेल तर गरम असेल तेवढंच खायचं."

डाव भांड्यात होता. आम्ही लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात पोटभर खाल्ला. पुण्यात भात जेवणाच्या शेवटी येतो, तोही चमचाभर. इथे ताटात आधी भाताचा डोंगर येतो आणि पोळी हवी का असं नंतर विचारतात, तेही पाहुण्यांनाच.

नागरा

नागऱ्याचं शंकराचं देऊळ जुनं आहे. सकाळी दगड गार होते. मॅडमनी बाहेरूनच हात जोडले, कारण त्यांना देवळापेक्षा एका घराची ओढ होती. विद्यार्थिनी असताना त्या इथल्या एका शिक्षकांच्या घरी उतरायच्या. ते घर आता सिमेंटचं झालंय, माणसंही वेगळी. पण अंगणात कोंबड्या होत्या. त्या दिसताच मॅडम जुन्या मैत्रिणी भेटाव्यात तशा हसायला लागल्या.

"इथे माझं इन्क्युबेटर होतं," त्या म्हणाल्या.

तेव्हा त्यांच्याकडे जंतू उबवायचं यंत्र नव्हतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात विजेचा दिवा लावून त्या प्लेटा उबवायच्या. एकदा वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. त्या रडकुंडीला आल्या. तेव्हा शिक्षकांची बायको म्हणाली, "कायले रडता जी? आमची कोंबडी खुडूक बसली आहे. ठेवा तिच्याखाली." आणि मॅडमनी खरंच प्लेटा कागदात गुंडाळून तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, टोपलीत अंड्यांशेजारी ठेवल्या.

"मग?"

"मग काय! कोंबडीची ऊब अगदी हवी तेवढी. पण तिनं रात्रीतून कागद उकरला. सगळ्या प्लेटांवर तणसाची बुरशी. आठवड्याचं काम गेलं."

मी हसले. मग विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? परत गेले. ज्या-ज्या घरून नमुने आणले होते तिथे पुन्हा चालत. सांगितलं, बाई, माझ्याकडून बिघडलं, पुन्हा द्या. त्या हसल्या, पुन्हा दिलं. नमुना बिघडला तर माघारी जायचं. पाय कशाला दिलेत?"

हे त्या मला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. त्या कोंबड्यांकडे बघत होत्या. पण मी सांगायला हवं होतं ते तिथेच. दगडी पायरीवर आम्ही दोघी, वर पिंपळ, चंदूभाऊ लांब गाडी पुसत. मी म्हटलं, "मॅडम, पाणी देऊ?" त्यांनी घेतलं.

बिरसी

बिरसीला आम्ही जायचं कारण नव्हतं. चंदूभाऊंची बहीण तिथे राहते आणि "दोन घास खाल्ल्याशिवाय तिच्या गावावरून गेलो तर मले जिवंत नाई ठेवनार" असं ते म्हणाले.

माझ्यासाठी मात्र बिरसी म्हणजे बाबांची स्कूटर. वैमानिकांच्या शाळेची छोटी विमानं धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे खाचरांवरून, घिरट्या घालायची आणि बाबा मला रविवारी ती बघायला आणायचे. आजही एक फिरत होतं. खाली उन्हाळी धान हिरवंगार आणि एक बाई बांधावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेली. तिनं मान वर केली नाही. इथल्या माणसांना विमानाचं काय कौतुक! मी मात्र डोळ्यांवर हात धरून तशीच उभी राहिले, सात वर्षांची असल्यासारखी.

जेवताना मॅडमनी पुन्हा विषय काढला.

"तू त्या इमलाबाईंचं मडकं बघितलं होतंस ना? झाकलेलं होतं?"

"हो, मॅडम. ओल्या गोणपाटानं."

"काढायचं भांडं?"

"वेगळं. लांब दांड्याचं."

"आंबटपणा मोजला होतास?"

"हो. चांगली आंबट होती."

"मग कुठून आलं असेल?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

मी खोटं बोलले नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर दिलं. आमच्या शाळेत हे फार चांगलं शिकवायचे.

चंदूभाऊंची बहीण पाटावर बसून आमचं बोलणं ऐकत होती. ती म्हणाली, "कोहमाऱ्याची इमलाबाई का? माह्या सासरची लांबची आहे. तिनं आता नातवायलेबी आंबील देनं सोडलं. मने, माह्या हातातच दोष आहे."

आंबील विकणं थांबलं एवढंच मी धरून चालले होते.

कोहमारा

गोंदियाहून कोहमाऱ्याचा रस्ता जंगलातून जातो. मोहफुलांचे दिवस होते. झाडांखाली बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या आणि गाडीच्या काचा खाली केल्या की तो गोड, जड वास आत भरायचा. मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. "हा वास पुण्याला बाटलीत नेता येत नाही," त्या म्हणाल्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी इंग्रजीत, मग मराठीत. दोन्हीकडे ती निबंधासारखी वाटत होती.

कोहमारा म्हणजे हमरस्त्यांचा चौक, ढाबे, उभे ट्रक, टायरवाले. गेल्या वर्षी एका ढाब्याच्या बाजूला पळसाच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि त्याखाली इमलाबाई मडकं घेऊन बसायच्या. ट्रकवाले ग्लासभर आंबील घेत, वर चिरलेला कांदा, आणि उभ्यानेच पीत. आता मांडव नव्हता. खांबांचे खड्डे तेवढे दिसत होते.

घर ढाब्याच्या मागेच होतं. इमलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. पासष्टीच्या असतील, बारीक, ताठ. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"अवो, हे तेच पोट्टी होय ना? बस बाई, बस. वाळली किती! पुन्यात खाले नाई भेटत का?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खाट टाकली, वर धुतलेली गोधडी अंथरली. मॅडमना म्हणाल्या, "तुमी हिच्या मास्तरीन का जी? पोट्टी गुनाची आहे, फक्त बोलत नाई."

"हो, बोलत नाही," मॅडम म्हणाल्या.

मग इमलाबाई आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. माझं अक्षर गोल आणि सरळ, शाळेत बक्षीस मिळालेलं. मॅडमनी तो वाचला आणि परत दिला.

"तुह्या कागदानं मार देल्ला मले," इमलाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. "ढाब्यावाल्यानं वाचून दाखवलं. मंग मीच मनलं, लोकायच्या पोटात कायले घालू? राखेनं हात धुतले, साबनानं धुतले. अजून कायनं धुऊ, सांग तूच."

"आता अजिबात करत नाही?" मॅडमनी विचारलं.

"करतो नं. मी एकटीच पेऊन राहिली. आईनं देल्ली आहे जी ते. मडके फुटतात, नवे येतात, पन तळाची आंबील राखून त्याच्यातच नवी घालाची. आईची तशी चालू आहे. बंद कशी करू? मी मेली त मेली, बाकीच्यायले नाई देत."

मॅडम उठल्या. त्यांनी मडकं बघितलं, झाकण बघितलं, वास घेतला. त्या वेळी त्या निवृत्त वाटत नव्हत्या. "पाणी कुठलं घालता?"

"उकळून. आई तसंच करे."

"आणि हे ड्रमातलं?"

"ते भांडे विसळाले. आंबिलीत थेंब नाई जात त्याचा."

मॅडम ड्रमाकडे बघत राहिल्या. त्यांना धागा सापडत होता आणि सुटत होता. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून मला ते कळत होतं. इमलाबाईंना ती शांतता निराळी वाटली. त्यांनी आपले दोन्ही तळहात पुढे करून बघितले, पालथे करून बघितले.

"मंग हातातच असन जी," त्या हळूच म्हणाल्या. "आता या वयात हात कुठून बदलू?"

त्यांनी आम्हाला आंबील विचारली नाही. घरी पाहुणे आलेले, मडकं समोर, आणि त्यांनी विचारलं नाही. मॅडमनीच मागितली. "मला एक ग्लास द्या. मी इतक्या लांबून त्याच्यासाठीच आले."

"नाई जी. तुमाले नाई देत."

"बरं. मग तपासायला तरी द्या. पुन्हा बघू." मॅडमनी पिशवीतून ब्राउन पेपरमध्ये गुंडाळलेली बाटली काढली. त्यांच्या पिशवीत अशी एक कायम असते, लग्नाला गेल्या तरी असते. कागद सोडून त्यांनी ती इमलाबाईंच्या हातात दिली आणि चष्मा पुसायला खाली बघितलं.

इमलाबाईंनी झाकण काढलं. बाटली उजेडात धरून बघितली. ती चकचकीत होती, तरी त्या ड्रमापाशी गेल्या. पाहुण्याचं भांडं. त्यांनी तांब्या बुडवला, पाणी गळत वर आलं, आणि त्यांचा हात बाटलीच्या तोंडाकडे वळला.

मी खाटेवरून उठले. जुळवलेलं इंग्रजी वाक्य आठवलं नाही, मराठीही नाही. जे आलं ते कुठून आलं मला माहीत नाही. किती वर्षांत मी तसं बोलले नव्हते.

"मावशी, थांबा! नका धुऊ ते बाटली. मागच्या सालीबी तुमी याच पान्यानं धुतली होती. मी इथंच उभी होती, मी पाह्यलं, अन् बोलली नाई. तुमच्या आंबिलीत काय होतं ते मले मालूमच नाई, मावशी. हात तुमचे चांगले आहेत. चूक माही आहे."